विरोधक सगळे एकाच गोटातले नाहीत
अमेरिकेत बंदूक नियंत्रणाच्या राज्य-कायद्यांना होणारा विरोध म्हणजे ग्रामीण, गोऱ्या रिपब्लिकन मतदारांचा आणि एनआरए या बंदूकधारकांच्या बलाढ्य संघटनेच्या पैशांचा खेळ आहे, असे म्हटले जाते. हे मत बऱ्याच राज्यांपुरते मान्य करता येईल; न्यूयॉर्क मात्र त्यात बसत नाही. तेथे १९११ च्या सुलिव्हन कायद्यापासून पिस्तुलासाठी परवाना लागतो. पुढे ते सोबत घेऊन फिरण्यासाठी ‘योग्य कारण’ दाखवण्याची अट आली आणि ते कारण पुरेसे आहे की नाही, हे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिले. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी ही अट रद्द केली.

या खटल्यात बंदूक हक्कवाल्यांच्या बाजूने निवेदन देणाऱ्यांमध्ये ब्रॉन्क्स डिफेंडर्ससारख्या, गरीब आरोपींचे वकीलपत्र घेणाऱ्या संस्थाही होत्या, आणि त्यांना कोणी उजवे म्हणणार नाही. विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल खटले भरले गेलेले आपले जवळजवळ सर्व अशील कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक आहेत, असे त्यांनी न्यायालयाला सांगितले. (भरलेली बंदूक सार्वजनिक ठिकाणी घेऊन फिरण्यास बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा १९६७ चा मलफर्ड कायदाही ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेच्या सशस्त्र गस्तीमुळेच आला होता, आणि त्यावर सही गव्हर्नर रेगन यांची होती.) निकालानंतर काही दिवसांतच न्यूयॉर्कने नवा कायदा करून टाइम्स स्क्वेअर, भुयारी रेल्वे, उद्याने अशा ‘संवेदनशील’ ठिकाणी शस्त्र नेण्यास बंदी घातली, अधिकाऱ्याच्या मर्जीपेक्षा असा लेखी, सर्वांना सारखा लागू होणारा नियम मला अधिक न्याय्य वाटतो.