टीबीच्या गोळ्या चालू असताना बांगडा खाल्ला आणि तोंड लालबुंद! खायला नक्की काय द्यावं?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाला (वय २४) फुप्फुसाचा टीबी निघालाय. औषधं सुरू होऊन दोन महिने होत आले. सुरुवातीला वजन ४१ किलो होतं, परवा ४२.५ भरलं. खोकला थांबला, ताप नाही. लघवी केशरी होते ती गोळ्यांमुळे, हे आता घरात सगळ्यांना पाठ झालंय. अडलंय ते खाण्यापाशी.

मुंबईची नोकरी सोडून तो सध्या गावी, राजापूरजवळ आहे. सकाळी रिकाम्या पोटी तीन गोळ्या घेतो आणि मग दहापर्यंत अन्न समोर आलं की उमासे. आई मऊ पेज करते, वर तूप घालते. चार चमचे जातात, बाकीच्या पेजेवर साय धरते. दुपारी जरा भूक लागते तर आमच्याकडे पंचायत बसते. केळं नको, कफ होतो. दही नको. अंडं उष्ण. मामांनी प्रोटीन पावडरचा महागडा डबा आणलाय, तो फोडायचा की नाही यावर वेगळा वाद.

त्यात गेल्या बुधवारी बांगड्याचं तिखलं केलं. मासळी उशिरा आली होती, बर्फही फारसा नव्हता. जेवून अर्धा तास झाला नसेल, त्याचं तोंड-मान लाल, डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड. आम्ही चौघांनी तेच खाल्लं, कोणाला काही नाही! दोनेक तासांत उतरलं, पण आईने तेव्हापासून मासळीच बंद केली. आता ताटात उरलं वरण-भात.

कोणाला असा अनुभव आहे का? मळमळीवर काय केलंत? आणि पोषणाचे सरकारी पैसे अजून खात्यावर आले नाहीत, त्याचं काय करायचं?

प्रतिसाद : कुळीथपिठी

ताई, बांगड्याचं ऐकून हसू आलं, कारण माझंही अगदी असंच झालं होतं. मला डॉक्टरांनी समजावलं ते असं : बांगडा, तारली, कुपा ही मासळी बर्फाविना राहिली की तिच्यात हिस्टामिन (अ‍ॅलर्जीसारखी लाली, धडधड आणणारं रसायन) तयार होतं. एरवी थोडंफार शरीर जिरवतं. गोळ्यांमधलं आयसोनायझिड तेच जिरवणारं एन्झाइम अडवतं, म्हणून तुम्हा चौघांना काही नाही आणि त्याला त्रास. नुसतं शिजवल्याने हिस्टामिन जात नाही. हे डॉक्टरांच्या कानावर घालाच. पुन्हा झालं आणि श्वास लागला तर थेट दवाखाना. पण गोळ्या मनाने बंद करू नका! मी बांगडा सहा महिने सोडला, बाकी ताजी मासळी आणि अंडी खाल्ली.

मळमळीचंही त्यांना विचारा. मला थोडं खाऊन गोळ्या घ्यायला सांगितलं, तेवढ्याने सुटलं. मात्र उलट्या वाढल्या, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दाखवा. दारू पूर्ण बंद, हे सांगायला नकोच.

प्रतिसाद : सह्याद्रीपलीकडे

पावडरचा डबा मामांना परत द्या. झारखंडमध्ये टीबी रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. महिन्याला १० किलो शिधा : तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. सोबत जीवनसत्त्वाच्या गोळ्या. ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. तुमच्या भावाचे ५ टक्के म्हणजे दोन किलो, अर्धा किलोच बाकी आहे. त्याच अभ्यासात घरच्यांनाही धान्य दिलं, तर त्यांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. म्हणजे त्याच्या ताटात वाढून स्वतः अर्धपोटी राहू नका.

केळं, दही, अंडं सगळं द्या. शेंगदाण्याचा लाडू खिशात ठेवू दे. वजन पन्नाशीला पोचलं की दवाखान्यात सांगा, गोळ्यांची संख्या वजनावर ठरते.

टीबी रुग्णांना मिळणारे ते सरकारी पैसे, म्हणजे निक्षय पोषण योजनेचे, नोव्हेंबर २०२४पासून महिना १००० रुपये झालेत. खातं आधारला जोडलेलं आहे का, ते आधी तपासा. आमचं तिथेच अडकलं होतं.

धागाकर्ती

दोघांचे आभार. आरोग्य केंद्रात जाऊन आले. दोन बिस्किटं खाऊन गोळ्या घ्यायला सांगितलंय. बांगड्याचं डॉक्टरांनीही तेच सांगितलं. खातं खरंच आधारला जोडलेलं नव्हतं, फॉर्म भरून दिलाय.

आज सकाळी त्याने पेज संपवली, वर मुगाची उसळ मागून घेतली. आई अंड्याला मात्र अजून तयार नाही. मामांना फोन करायचा राहिलाय.