मदत हवी आहे: जास्वंदीवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) पडलाय, पण त्यातच मित्रकीडही दिसतेय. फवारू की थांबू?

कुंडीतल्या जास्वंदीचे कोवळे शेंडे आणि कळ्यांचे देठ माव्याने भरलेत. नवी पानं आत वळलीत, खालची चिकट झालीत आणि त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरायला लागलीय. खोडावरून मुंग्यांची ये-जा सतत चालू.

निंबोळी तेल फवारायचंच ठरलं होतं. पण भिंगातून पाहिलं तर काही मावा फुगून गोल, तपकिरी-सोनेरी झालाय, अजिबात हलत नाही. एकाच्या पाठीला तर सुईने पाडावं तसं गोल भोक! शेजारीच एक राखाडी, नारिंगी ठिपक्यांची लांबट अळी मावा धरून खात होती. ढालकिड्याची (लेडीबर्डची) असावी.

आता हात धजत नाही. थांबले तर कळ्या गळतील का? फवारलं तर ही अळी वाचेल का? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
एवढ्यात फवारू नका. अळी ढालकिड्याचीच वाटतेय. आणि तो फुगलेला मावा मेलेला आहे. एक बारीक परजीवी गांधीलमाशी माव्याच्या पोटात अंडं घालते, तिची अळी त्याला आतून खाते. भोक दिसलं म्हणजे नवी माशी बाहेर पडली. बाकीच्यांतून अजून निघायच्यात, म्हणून ती पानं खुडू नका.

आधी मुंग्या अडवा. माव्याच्या चिकट गोड स्रावासाठी त्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्याला हुसकावतात. खोडाला कागदी पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर पेट्रोलियम जेली लावा. कुंडी भिंतीला किंवा दुसऱ्या झाडाला टेकलेली नको, नाहीतर त्या तिकडून चढतील.

मग सकाळी शेंडा बोटांत धरून पानांच्या खालून पाण्याची जोरदार धार मारा, अळी असलेली फांदी सोडून. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. पण दर दोन-तीन दिवसांनी करावंच लागेल, कारण मावा-मादी नराशिवायच थेट पिल्लं देते आणि ती पिल्लंही आठवडा-दहा दिवसांत वितात. नत्राचं खत सध्या बंद ठेवा, लुसलुशीत फुटीवर मावा जास्त येतो.

मूळ धागाकर्ती:
खूप आभार! आजच पट्टी बांधते. त्या काळ्या बुरशीचं काय करू?

प्रतिसाद:
ती पानात शिरत नाही, चिकट्यावरच वाढते. ओल्या फडक्याने पुसून घ्या. मावा हटला की नवी धरणार नाही.