बारा टेस्टर जमवणं म्हणजे टेस्टिंग का?

घोडबंदरचा_टँकर:
परवा इथे एकाने लिहिलं की 'ज्याला बारा माणसं जमवता येत नाहीत त्याने प्ले स्टोअरवर अ‍ॅप टाकायच्या भानगडीतच पडू नये, या नियमामुळे कचरा कमी झाला'. खाली वाहवा करणारे पण बरेच. डोकं सटकलं म्हणून सविस्तर लिहितोय.

नियम असा की प्ले स्टोअरवर अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बारा टेस्टरनी, म्हणजे ते वापरून बघणाऱ्यांनी, सलग १४ दिवस चाचणीत राहायला हवं. आणि हा नियम फक्त १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्यांना आहे. आधीच्यांना नाही, कंपनीच्या नावाने खातं असेल तर नाही. म्हणजे कचरा करतो तो फक्त एकटा बसून काम करणारा, असंच ना? लोकांचे कॉन्टॅक्ट उचलून नातेवाईकांना घाणेरडे मेसेज पाठवणारी ती कर्जाची अ‍ॅप्स आठवा. ईडीने चौकशी केली तेव्हा मागे कंपन्याच निघाल्या, कोणी कासारवडवलीच्या वन बीएचकेत बसून नव्हती बनवली.

माझं अ‍ॅप साधं आहे. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरशिवाय पान हलत नाही. गेटवर वही असते, वॉचमन पाइप लावून आलेल्या ओल्या हाताने लिहितो, शाई फुटते, एकचा सात होतो आणि बिल आलं की कमिटीत भांडणं. म्हणून गाडी नंबर, वेळ, फोटो एवढंच घेणारं अ‍ॅप केलं. वापरणार वॉचमन आणि सेक्रेटरी. त्यासाठी बारा जण सलग १४ दिवस कुठून आणू, अर्ध्या बिल्डिंगकडे आयफोन, ते यात चालतच नाहीत.

माइंडस्पेस_सेकंड_शिफ्ट:
मी ऐरोलीत क्यूएत, म्हणजे सॉफ्टवेअर तपासायच्या कामात आहे, इतकी वर्षं हेच करतोय, त्यामुळे बोलतो. डेव्हलपर लोकांना टेस्टिंग म्हणजे शेवटच्या दिवशी उरकायचं काम वाटतं. आपल्या फोनवर चाललं की झालं. बिल्ड संध्याकाळी हातात देणार, सकाळी रिलीज मागणार, आणि फुटलं की पहिलं विचारणार क्यूएने काय बघितलं. पगारवाढीच्या वेळी आम्ही कुणाला आठवत नाही ते वेगळंच. तेव्हा कोणीतरी दांडकं घेऊन 'आधी माणसांना वापरायला द्या' म्हणत असेल तर मला बरंच वाटतं. आणि नियम आधी २० जणांचा होता, डिसेंबर २०२४ मध्ये १२ वर आणला. अजून किती कमी करायचं?

घोडबंदरचा_टँकर:
@माइंडस्पेस तुमच्या ऑफिसचा राग माझ्यावर का काढताय? टेस्टिंग नको असं कुठे लिहिलंय मी? १४ दिवसांबद्दल तक्रारच नाही. आमच्याकडे आठवड्याने शिफ्ट बदलते, रात्रपाळीवाला आला तेव्हा कळलं की अंधारात टँकरच्या हेडलाइटसमोर फोटो काढला की नंबरप्लेट नुसती पांढरी दिसते. मग फोटो काढल्या काढल्या नंबर हाताने टाकायची जागा समोर आणली. हे एका वॉचमनने शोधलं. उरलेल्या अकरा जणांच्या फोनमध्ये अ‍ॅप नुसतं पडून असेल, त्यांच्याकडे टँकर येतो का?

कळवा_पूर्व:
अरे एवढा त्रास कशाला, एपीके म्हणजे अ‍ॅपची फाइल थेट व्हॉट्सअ‍ॅपवर टाक ग्रुपमध्ये, विषय संपला. स्टोअर हवंच कशाला.

नेरूळ_सेक्टर_सहा:
@कळवा_पूर्व कृपा करून हे असलं लोकांना शिकवू नका!! माझ्या सासूबाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर 'आरटीओ चलन' नावाची एपीके आली होती, ओळखीच्याच नंबरवरून, कारण त्याचा फोन आधीच हॅक झालेला. त्यांनी उघडली, परमिशन मागितली ती दिली, मेसेज वाचायची परवानगी गेली म्हणजे ओटीपी गेला. मी बाजूच्या खोलीत होते म्हणून लगेच बँकेला आणि १९३० ला फोन झाला. त्या नंतर कित्येक दिवस फोनला हात लावायला घाबरत होत्या, नातवाचा व्हिडीओ कॉल पण घेईनात. आणि तुम्ही म्हणताय ग्रुपमध्ये टाक!

कळवा_पूर्व:
ताई, तुमच्या सासूबाईंचं वाईट वाटलं पण त्यात सोसायटीच्या पोराचा काय दोष? चोर दारातून येतो म्हणून दार विटांनी बुजवायचं का. माझ्या दुकानाचं बिलिंग अ‍ॅप असंच एपीकेवर चालतंय, ओळखीच्या मुलाने करून दिलंय, काही झालं नाही.

नेरूळ_सेक्टर_सहा:
काही झालं नाही म्हणजे अजून झालं नाही. लग्नपत्रिकेच्या नावाने पण एपीके फिरतात, पेपरात वाचत नाही का तुम्ही? आम्ही घरात एकच गोष्ट सांगून सांगून बसवलीय की फाइल उघडायची नाही, लिंक दाबायची नाही. आता हे दादा टेस्टिंगची लिंक ग्रुपवर टाकणार, 'टेस्टर व्हा' दाबा म्हणणार. आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी टाकली असती तर मी स्वतः अ‍ॅडमिनला डिलीट करायला लावली असती.

घोडबंदरचा_टँकर:
नेमकं तेच झालं. लिंक प्ले स्टोअरचीच होती, तरी एका काकांनी खाली लिहिलं 'फ्रॉड, कोणी उघडू नये'. सगळ्यांसमोर! वर ईमेल आयडी मागितले तर म्हणे कशाला हवेत. ईमेल यादीत टाकल्याशिवाय किंवा गूगल ग्रुपमध्ये घेतल्याशिवाय क्लोज्ड टेस्टिंग, म्हणजे ठरावीक लोकांपुरती चाचणी, होतच नाही. मी इथे लहानाचा मोठा झालोय, माझे वडील कमिटीत होते.

नेरूळ_सेक्टर_सहा:
त्या काकांनी बरोबर केलं. त्यांना लिंक बघून चोर कोण आणि शेजारचा मुलगा कोण कसं कळणार? तुम्ही घरोघरी जाऊन, स्वतः उभं राहून सांगायला हवं होतं.

माइंडस्पेस_सेकंड_शिफ्ट:
आणि एपीकेचा रस्ता पण आता अरुंद होतोय. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्येच जाहीर केलंय की स्टोअरबाहेरून टाकायच्या अ‍ॅपला सुद्धा ओळख पटवलेला डेव्हलपर लागेल, सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये सुरुवात आणि पुढे बाकी जग. नेरूळ ताईंची बाजू मला पटते.

कळवा_पूर्व:
वा, म्हणजे स्वतःच्या फोनमध्ये काय टाकायचं ते पण दुसऱ्याला विचारायचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने याच कंपनीला १,३३७ कोटींचा दंड केला होता ते विसरलात वाटतं.

पाचपाखाडी_निवासी:
दंड, चोर सगळं राहू द्या, मूळ विषयावर या. माझी मैत्रीण शिवणाचे पॅटर्न विकायचं अ‍ॅप करतेय. पैसे घेणारं अ‍ॅप असेल तर वैयक्तिक खात्यावर पूर्ण पत्ता स्टोअरवर दिसतो. एकटी राहणाऱ्या बाईने घरचा पत्ता जगाला दाखवायचा? त्यावर कोणी का बोलत नाही? आणि टेस्टर तर टेलिग्रामवर विकत मिळतात, बारा जणांचं १४ दिवसांचं पॅकेज. तिने नाइलाजाने घेतलं. त्या लोकांनी नुसतं इन्स्टॉल करून ठेवलं, एका ओळीचा अभिप्राय नाही. मग स्टोअरवर खुलं करायची परवानगी मागायच्या अर्जात विचारतात टेस्टरांनी काय सांगितलं, त्यावरून काय बदललं. ती काय लिहिणार? अर्ज परत आला, पुन्हा टेस्टिंग करा म्हणून.

माइंडस्पेस_सेकंड_शिफ्ट:
ठीक आहे, एवढं मान्य करतो. आकडा ठेवला की आकड्याचा धंदा होतो, हे आमच्या ऑफिसात पण बघितलंय, टेस्ट केस किती झाल्या एवढंच मोजतात. पण अर्ज परत आला म्हणजे कोणीतरी तपासलं ना? म्हणजे नियम अगदीच बिनकामाचा नाही.

घोडबंदरचा_टँकर:
तपासलं असेल, पण भरपाई त्या बाईने केली, पैसे घेऊन झोपलेल्यांनी नाही. माझं म्हणणं एवढंच की माणसं मोजण्यापेक्षा ज्याच्यासाठी अ‍ॅप आहे त्याने ते वापरलं का ते बघा. चार वॉचमननी महिनाभर रोज वापरलं तर ते बारा झोपलेल्यांपेक्षा जास्त धरा. अ‍ॅपल ९९ डॉलर वर्षाला घेतं, पण टेस्टफ्लाइटवर, म्हणजे त्यांच्या टेस्टिंगच्या सोयीवर, इतकी माणसं आणाच अशी सक्ती नाही करत.

माइंडस्पेस_सेकंड_शिफ्ट:
हे तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर एवढा वाद झाला नसता. ईमेल आयडी व्यक्तिगत निरोपात पाठवतो, यादीत टाका. माझ्याकडे जुना अँड्रॉइड आहे, रॅम कमी, बॅटरी फुगलेली, त्यावर चाललं तर कुठेही चालेल. पण बग काढले की रडायचं नाही.

नेरूळ_सेक्टर_सहा:
माझा पण घ्या. मिस्टरांचा नाही, त्यांना लिंक दाबायची नाही असं सांगितलंय आणि ते तसंच राहू दे.