‘टाइम’साठी फ्रेंचमध्ये ताँ, अऽर की फ्वा?

प्रश्न (नवी_पाटी): इंग्रजीतल्या ‘टाइम’साठी फ्रेंचमध्ये तीन शब्द भेटतात: ताँ, अऽर आणि फ्वा. शब्दकोशात तिन्हींपुढे ‘वेळ’ दिलंय. ‘किती वाजले?’साठी ‘केल ताँ एतिल?’ चूक का? कुठे कोणता, हे ओळखायची काही खूण आहे का?

शब्दवेल्हाळ: इंग्रजी बाजूला ठेवा, वाक्य आधी मराठीत म्हणून बघा. हा भेद मराठीत मुळातच आहे. ‘माझा वेळ गेला’ यातला पुल्लिंगी वेळ म्हणजे खर्च होणारा, पुरणारा किंवा न पुरणारा: तो ताँ. ‘झ ने पा ल ताँ’, मला वेळ नाही. ‘जेवणाची वेळ’, ‘गाडीची वेळ’ यातली स्त्रीलिंगी वेळ घड्याळातली: ती अऽर. म्हणून ‘केल अऽर एतिल?’ आणि ‘वेळा’ किंवा ‘-दा’ येत असेल (तीन वेळा, एकदा, पहिल्यांदा) तर बिनधास्त फ्वा. पाढ्यातही तोच: ‘बे त्रिक सहा’ला ‘दऽ फ्वा त्र्वा फों सीस’.

ताँ म्हणजे हवामानसुद्धा. ‘केल ताँ फेतिल?’ म्हणजे ‘हवा कशी आहे?’ त्यामुळे तुमचं वाक्य ऐकणाऱ्याचा गोंधळ होणारच.

काटा_आणि_तास: खूण उत्तम आहे, पण ‘वेळेवर’ला ती पुरत नाही. गाडी ठरल्या वेळेवर आली तर ‘आ लऽर’. डॉक्टर वेळेवर आले म्हणून रोगी वाचला, तिथे ‘आ ताँ’, कारण तिथे वेळापत्रक नाही, उशीर व्हायच्या आत येणं महत्त्वाचं. ‘निघायची वेळ झाली’चंही तसंच: घड्याळात ठरलेली वेळ झाली तर ‘से लऽर द पार्तीर’, आता निघायलाच हवं असं म्हणायचं तर ‘इले ताँ द पार्तीर’. या दुसऱ्यात ताँच्या आधी ‘ल’ लावू नका, ही चूक फार होते.

‘त्या वेळी’ स्त्रीलिंगी असूनही तिथे अऽर चालत नाही. जुना काळ असेल तर ‘आ लेपॉक’, नेमका क्षण असेल तर ‘आ स मोमाँ-ला’.

शब्दवेल्हाळ: बरोबर, ‘त्या वेळी’ माझ्याकडून सुटलं. लिहिताना एवढं सांभाळा: ताँ आणि फ्वा यांच्या शेवटी एकवचनातही ‘एस’ असतो, उच्चारात नसतो. अऽरला मात्र दोनपासून पुढेच ‘एस’ लागतो. बोलताना नऊ म्हणजे ‘नफ’, पण नऊ वाजता ‘नवऽर’: इथे ‘फ’चा ‘व’ होतो.

नवी_पाटी: मग ‘किती वेळ’ म्हणजे ‘कोंबिएँ द ताँ’ आणि ‘किती वेळा’ म्हणजे ‘कोंबिएँ द फ्वा’?

काटा_आणि_तास: अगदी बरोबर. मराठीत एका कान्याचा फरक, फ्रेंचमध्ये शब्दच बदलतो.