मदत हवी आहे: टेस्ट बटणाने पडणारा आरसीसीबी खऱ्या गळतीला पडत नाही

आमची वीज पूर्णपणे सौर पॅनेल, ४८ व्होल्टची बॅटरी आणि इन्व्हर्टर यांवर चालते. जोडीला एक जनरेटर आहे. इन्व्हर्टरच्या पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच पडून, म्हणजे बंद होऊन, वीज तोडणारा स्विच) बसवला आहे. टेस्ट बटण दाबले की तो लगेच पडतो, परंतु इलेक्ट्रिशियनने चाचणी यंत्राने फेजमधून अर्थिंगकडे गळती घडवून पाहिली, तेव्हा तो ढिम्म हलला नाही. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट मिळतात, पण अर्थिंगपासून दोन्ही तारांना साधारण ११५ दिसतात. म्हणजे न्यूट्रल अर्थिंगला कुठेच जोडलेला नसावा आणि गळतीच्या प्रवाहाला परत येण्यास वाटच नसावी, असा माझा अंदाज आहे. (बटण आतल्या रोधातून प्रवाह वळवते, त्यामुळे ते अर्थिंगबद्दल काहीच सिद्ध करत नाही.)

न्यूट्रल आणि अर्थिंग यांचा जोड आरसीसीबीच्या अलीकडे, इन्व्हर्टरच्या बाजूला, एकाच ठिकाणी असावा हे मला पटते. अडचण जनरेटरची आहे: त्याच्या आत असा जोड आधीच आहे आणि दोन जोड झाले, तर न्यूट्रलचा काही प्रवाह अर्थिंगच्या तारेतून वाहू लागेल. न्यूट्रलही तोडणारा चेंजओव्हर स्विच (इन्व्हर्टर किंवा जनरेटर यांपैकी एकच स्रोत जोडणारा) यावर पुरेसा आहे का, की जनरेटरमधला जोड काढावा? शिवाय काही इन्व्हर्टरांना असा जोड चालतच नाही. माहितीपुस्तिकेत उल्लेख नसेल तर ते कसे तपासावे?

बॅटरीकडचा एसी एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच) मी बदलणारच आहे, कारण डीसीमधली ठिणगी तो खात्रीने विझवू शकत नाही. तिथे प्रवाह दोन्ही दिशांनी वाहत असल्याने ध्रुवतेचे बंधन नसलेलाच डीसी एमसीबी घ्यावा, की फ्यूज अधिक योग्य?