मँचेस्टरचा पाऊस आणि हर्मन कासव: बाहेर ठेवायचं की घरातच?

भुरभुर_पाऊस यांचा प्रश्न:
हर्मन जातीचं कासव आहे. मादी, वय ४ वर्षं, लांबी १३ सेंमी, वजन ४७० ग्रॅम. रात्री घरात लाकडी टेबलात (वरून उघड्या पेटीत) असते, मे महिन्यापासून दिवसा बागेत सोडतो. बागेची माती चिकण आहे, गवत कायम ओलं. जुलैतही बऱ्याच दुपारी १७-१८ अंश आणि भुरभुर चालूच. आठवडाभर ती कोपऱ्यात माती उकरून बसून राहते, खाणं निम्म्यावर आलंय, सकाळी एका नाकपुडीवर पाण्यासारखा बुडबुडा दिसतो. बाहेर सोडणं बंद करू का? बागेत ठेवायला पॉलिकार्बोनेटची कोल्डफ्रेम (पारदर्शक झाकणाची पेटी) घेतली तर उपयोग होईल का? आणि हिवाळ्यात शीतनिद्रेसाठी फ्रिजमध्ये झोपवतात, ते सुरक्षित आहे का?

ढाल_आणि_ऊन यांचं उत्तर:
आधी नाक. याच आठवड्यात सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरकडे) न्या. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल (फुप्फुसांखालचा स्नायूचा पडदा) नसतं, खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे नाकातलं पाणी बघता बघता फुप्फुसात उतरतं. मान ताणून, तोंड उघडून श्वास घेऊ लागली तर त्याच दिवशी न्या. तोवर बाहेर सोडू नका. दिव्याखाली ३२ ते ३५ अंश, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला २२-२४, आणि रात्रीही २० च्या खाली जाऊ देऊ नका. अंग गार असेल तर तिची रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ झोपलेली असते, औषधही नीट लागू पडत नाही. रोज १५-२० मिनिटं कोमट पाण्यात बसवा. पाणी हनुवटीच्या खाली राहील इतकंच.

आता मूळ मुद्दा. बाहेर ठेवणं चूक नाही. गारठा आणि ओल एकत्र येणं, हे चूक आहे. हर्मन भूमध्य समुद्राकाठची, तिथेही रात्री गारठा पडतोच. पण सकाळी ऊन आलं की ती तासाभरात ३० अंशांपर्यंत तापते आणि मगच खायला निघते. तुमच्याकडे तापायची सोयच नाही. म्हणून ती मातीत दबून बसते. खायला दिलं तरी पचवायला ऊब लागते, ती नाही. तेव्हा नियम एकच: वर्षातल्या कुठल्याही जाग्या दिवशी, कितीही पाऊस असो, तिला स्वतःहून चालत जाऊन ३० अंशांत कोरडं बसता आलं पाहिजे.

कोल्डफ्रेम जरूर घ्या, किमान १२० बाय ६० सेंमीची, दक्षिणेकडे तोंड करून. पण दुपदरी पॉलिकार्बोनेट उष्णता धरतं आणि यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) अडवतं, काचही तशीच. म्हणून आत दोन दिवे लागतातच. एक ७५ ते १०० वॅटचा हॅलोजन फ्लड (रुंद झोताचा दिवा), तापायच्या जागेसाठी. दुसरी १२ टक्क्यांची टी५ यूव्हीबी नळी, रिफ्लेक्टरसकट, कासवाच्या पाठीपासून साधारण ३५-४० सेंमी वर. नळी दिसायला पेटत राहिली तरी वर्षाने बदला, यूव्हीबी त्याआधीच उतरलेलं असतं. तापमान हवेत नको, पाठीच्या उंचीवर मोजा.

चिकण मातीवर फ्रेम थेट ठेवू नका, खालून ओल चढते. २५ सेंमी खणा, १० सेंमी खडी भरा, वर निचऱ्याचं कापड, आणि मग बागेची स्वच्छ माती व मुलांच्या खेळायची वाळू ६०:४०. सगळं मिळून आजूबाजूच्या जमिनीपेक्षा १५ सेंमी उंच येऊ द्या. ओल तपासायची तर मूठभर माती दाबा. गोळा व्हावा आणि बोट लावताच मोडावा. हाताला पाणी लागलं तर कवचाखाली सडायला सुरुवात होणार.

दार १५ सेंमी रुंद, त्यावर जाड प्लॅस्टिकच्या उभ्या पट्ट्या. तिला ढकलून जाता येतं आणि ऊब आत राहते.

वायर_आणि_वारा यांची पुरवणी:
वीज आणि झाकण, या दोन गोष्टी लोक विसरतात.

बागेत वीज नेताना आरसीडी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), पाऊस सोसणारं सॉकेट आणि आर्मर्ड (धातूच्या आवरणाची) केबल, सगळं परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच. दिव्याचा होल्डर चिनी मातीचा. दिवा नुसत्या क्लिपवर कधीच नको, साखळीने टांगा. सुकलेलं गवत दिव्याखाली अजिबात नको, आग लागते.

दुसरं, ढगातून अर्धा तास कडक ऊन निघालं की बंद फ्रेम ४० अंशांच्या पुढे जाते आणि उलटं पडलेलं कासव त्यात मरतं. झाकणाला मेणाचं आपोआप उघडणारं पिस्टन लावा. मेण तापून फुगलं की झाकण उचललं जातं, वीज लागत नाही.

भुरभुर_पाऊस:
व्हेटची वेळ मिळाली. खाण्यात हल्ली लेट्यूस, काकडी आणि कधी टोमॅटो देतो. काही बदलू का?

ढाल_आणि_ऊन:
काकडी-टोमॅटो बंदच करा. त्यात पाणी आणि साखर, तंतू आणि कॅल्शियम कमी. मँचेस्टरचा पाऊस इथे तुमच्या बाजूने आहे: डँडेलियन, लांब पानांचं प्लँटेन (केळं नव्हे) आणि सो-थिसल ही तणं फुटपाथच्या कडेलाही उगवतात. फवारणी न झालेल्या जागेवरून, रोज पाठीच्या आकाराएवढा ढीग. त्यावर आठवड्यातून ४-५ वेळा चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट. बागेतून बटरकप, फॉक्सग्लव्ह, डॅफोडिल आणि ऱ्होडोडेंड्रॉन काढून टाका, सगळी विषारी.

पाच_अंश यांचं उत्तर:
फ्रिजबद्दल. पद्धत खरी आहे, पण यंदा व्हेटने वजन, नाक आणि तोंड तपासून हो म्हटलं तरच. आजारी कासव झोपवलं की मार्चमध्ये उठतच नाही. नाही म्हटलं तर सगळा हिवाळा दिव्याखाली जागी ठेवा, त्याने बिघडत नाही.

हो म्हटलं तर या आकाराला आधी तीन आठवडे खाणं बंद. पण या काळात ऊब चालू ठेवा आणि अंघोळ रोज. आतडं रिकामं व्हायला ऊब लागते, पोटात राहिलेलं गारठ्यात सडतं. नंतर दिवे हळूहळू कमी करत दहा दिवसांत १० अंशांवर आणा आणि मग फ्रिज. फ्रिज ५ अंशांवर, ३ ते ७ मध्ये राहील असा. शून्याखाली डोळे जातात, १० च्या वर ती अर्धवट जागी होऊन साठवलेली चरबी जाळते. कासवाशिवायच फ्रिज दोन आठवडे चालवून दोन थर्मामीटरांनी पडताळा. त्यात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, तापमान स्थिर राहतं. दोन दिवसांतून एकदा दार उघडून हवा बदला.

दर आठवड्याला वजन. सुरुवातीच्या वजनातून १० टक्के, म्हणजे तुमच्या हिशेबात ४७ ग्रॅम, गेले की उठवा. तिने लघवी केली तर वजन कितीही असो, त्याच दिवशी उठवा. ते तिचं साठवलेलं पाणी आहे, ते गेलं की पुढे किडनीवर येतं. या वयाला ८ ते १० आठवडे पुरे.

आंबोलीकर यांचा प्रश्न:
इथे आंबोलीत पावसाळ्यात १८-२० अंश असतं. ओळखीतून तारा कासव मिळतंय. हीच फ्रेम चालेल?

ढाल_आणि_ऊन:
घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तारा कासव पाळणं किंवा विकत घेणं गुन्हा आहे. २०१९ मध्ये ते साइट्सच्या (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टातही गेलं. शिवाय ते कोरड्या झुडपी माळावरचं, आंबोलीच्या चार महिन्यांच्या ओलीत तगणार नाही. विकणाऱ्याची माहिती वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. कासव हातात आलंच असेल तर स्वतः रानात सोडू नका, वनखात्याकडेच द्या.

मँचेस्टरवाल्यांनाही एक विचारतो: हर्मनचं आर्टिकल १० प्रमाणपत्र (विक्रीसाठी लागणारा सरकारी कागद) हातात आहे ना? विकणाऱ्याकडून ते घेतलेलं नसेल तर आताच मागा.