५५ हजारात ग्राफिक्स कार्ड + मॉनिटर. दुकानदार म्हणतोय ४०६० आणि २७ इंची कर्व्ह, घेऊ का?

भरीतपार्टी:
मंडळी नमस्कार, दोन वर्षं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. पीसी असा आहे: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० कार्ड (४ जीबीवालं), आणि मॉनिटर भावाच्या ऑफिसातून भंगारात निघालेला २२ इंची, ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० चित्रं), डावा कोपरा पिवळट. रोज रात्री जेवण झालं की दोन तास व्हॅलोरंट गेम, आणि सायबरपंक गेम सेलमध्ये घेऊन ठेवलाय पण सगळं लो करूनही बाजाराच्या गर्दीत शिरलं की गचके देतो. बजेट दोन्ही मिळून ५५, त्यातले २० आत्ता हातात, बाकी बोनस झाल्यावर. इथे जळगावात दुकानदाराने सांगितलं की आरटीएक्स ४०६० घ्या आणि सोबत २७ इंची कर्व्ह फुल एचडी १६५ हर्ट्झ, "डोळे मिटून घ्या साहेब". आता डोळे मिटून मॉनिटर कसा घ्यायचा ते सांगा. घरी शब्द देऊन बसलोय की हा शेवटचा खर्च, त्यामुळे चुकलं तर माझं काही खरं नाही.

लॅमिंग्टन_रिटर्न:
भाऊ २७ इंचीला फुल एचडी घेऊ नको. आपण टेबलावर हातभर अंतरावर बसतो, टीव्हीसारखं सोफ्यावर नाही. २४ इंचीत फुल एचडी असेल तर इंचाला ९२ च्या आसपास पिक्सेल पडतात, तेच २७ वर ताणलं की ८२, मग अक्षरांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात आणि एकदा दिसायला लागल्या की रोज दिसतात. २७ च पाहिजे तर १४४० पी (२५६० बाय १४४० पिक्सेल) घे, तिथे १०९ पडतात, मस्त दिसतं. पण मग कार्डाला पिक्सेल ओढायला लागतात पावणेदोन पट, २० लाखांच्या जागी ३७ लाख, म्हणून म्हणतो आधी मॉनिटर ठरव मग कार्ड. दुकानात सगळे उलटं करतात.
अजून एक, या किमतीतले कर्व्ह बहुतेक व्हीए पॅनल (पडद्याचा एक प्रकार) असतात. काळा रंग छान काळा दिसतो पण अंधाऱ्या गल्लीत माऊस फिरवला की मागे काजळ फासल्यासारखा पट्टा ओढला जातो. आयपीएस या दुसऱ्या प्रकाराला ते होत नाही, तिथे काळं जरा राखाडी दिसतं आणि कोपऱ्यात उजेड झिरपतो, तेवढं चालतं. व्हॅलोरंटवाल्याने आयपीएसच घ्यावं.

अर्धवटराव:
एक साधा प्रश्न, व्हॅलोरंटमध्ये आत्ता फ्रेम्स (सेकंदाला चित्रं, म्हणजे एफपीएस) किती येतात? सेटिंग, व्हिडिओ, स्टॅट्समध्ये जाऊन क्लायंट एफपीएस चालू कर आणि आकडा टाक इथे.

भरीतपार्टी:
१६० ते १९० मध्ये फिरतंय, धुराधुरीत १४० ला येतं. १६५० वर एवढं येतं??

अर्धवटराव:
येतं रे, तो गेम हलका आहे, कार्डापेक्षा प्रोसेसर खातो. म्हणजे कार्ड तुला १६० देतंय आणि तो पिवळा डबा त्यातले ६० च दाखवतोय, वरचे सगळे वाया. हातात २० आहेत ना, मग आज फक्त मॉनिटर घे. व्हॅलोरंट त्याच रात्री बदलेल. सायबरपंक बोनसपर्यंत थांबेल, २०२० चा गेम आहे, पळून जात नाही.

कोथरूडचा_किडा:
वरच्याशी सहमत. आता कार्डाचं सांगतो कारण दुकानदार हे सांगणार नाही, कदाचित त्यालाच माहीत नसेल. तुझा बोर्ड बी४५०, म्हणजे कार्ड बसतं तो स्लॉट पीसीआय ३.०, जुन्या पिढीचा. आणि ४०६० सोळा लेनच्या (लेन म्हणजे डेटा जायचे रस्ते) स्लॉटात बसलं तरी आठच लेन वापरतं. रोजच्या खेळात फरक थोडा, पण त्या कार्डाला मेमरी ८ जीबी, आणि १४४० पी ला टेक्श्चर हाय करून वर रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा उजेड-सावली) लावलं की ती भरते. भरली की उरलेला माल रॅममधून याच आठ लेनवरून ये-जा करतो, आणि ३.० वर तो रस्ता ४.० च्या निम्माच. मग सरासरी फ्रेम्स ठीक दिसतात पण मधेच गचका, म्हणजे जो आजार घालवायला पैसे टाकले तोच परत घरी. त्यापेक्षा एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबीवालं बघ, ते सोळा लेन वापरतं. एनव्हिडियाचं ५०६० टीआय पण १६ जीबीत येतं पण आठ लेनचं आहे. खोक्यावर १६ लिहिलंय का नीट वाच, दोन्ही कार्डं ८ मध्येही मिळतात आणि नाव तेच असतं.

लॅमिंग्टन_रिटर्न:
झालं, आला एएमडीचा प्रचारक 😄 एनव्हिडियाचं डीएलएसएस (कमी पिक्सेलचं चित्र एआयने मोठं करून फ्रेम्स वाढवतं ते) अजूनही जास्त गेममध्ये मिळतं हे पण सांग की.

कोथरूडचा_किडा:
मिळतं, मान्य. पण मेमरी भरल्यावर डीएलएसएस काय आरती करणार?

सौ_हर्ट्झवाली:
कोणी एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) विचारलाच नाही! १६५० ची बरीचशी कार्डं स्लॉटमधूनच ७५ वॅटवर चालतात, वेगळी वायर लागत नाही, त्यामुळे तुमच्या एसएमपीएसला आठ पिनची कार्डाची वायर आहे की नाही हे तुम्हाला आजवर बघावंच लागलं नसेल. साइडचं झाकण काढून बघा. दुकानातून आलेला नाव-गाव नसलेला एसएमपीएस असेल तर कार्डाआधी तो बदला. आणि यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॅटचाच असतो, नवं कार्ड फुल लोडवर असताना लाईट गेली की पीसी पण जातो. माझा गेला, रँक्ड मॅचमध्ये.
मॉनिटर आणल्यावर दोन गोष्टी. डिस्प्लेपोर्टची केबल लावा, काही मॉनिटर एचडीएमआयवर पूर्ण हर्ट्झ देत नाहीत. आणि विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने १६५ करा. माझा मॉनिटर आठ महिने ६० वर चालत होता आणि मी सगळ्यांना सांगत होते बघा किती स्मूद आहे 🙈

अर्धवटराव:
😂😂 आणि केबल कार्डाला लावायची, बोर्डाला नाही. ५६०० मध्ये ग्राफिक्स नसतं, बोर्डाच्या पोर्टला लावलं की स्क्रीन काळीच राहणार. मी नवं कार्ड पिशवीत घालून एसटीने दुकानात परत नेलं होतं, दुकानातल्या पोराने केबल दोन बोटं खाली सरकवून दाखवली आणि चहा पाजला.

भरीतपार्टी:
अपडेट. २४ इंची आयपीएस १६५ हर्ट्झ आणला, २७ चं १४४० पी हातातल्या २० मध्ये बसत नव्हतं. दुकानदार थोडा नाराज, त्याला कर्व्ह खपवायचा होता. दुकानातच चालू करून पांढरी, काळी, लाल स्क्रीन लावून डेड पिक्सेल बघितले, एकही नाही. कार्ड बोनसला, १६ जीबीचंच. झाकण उघडलं तर आठ पिनची वायर नाहीये, ताई बरोबर होत्या, म्हणजे एसएमपीएसचा खर्च वाढला आणि तो घरी अजून सांगितलेला नाही.
आत्ता खोकं उघडलंय पण डिस्प्लेपोर्टची केबल दिसत नाहीये, नुसती एचडीएमआय आहे??

सौ_हर्ट्झवाली:
थर्माकोलच्या खालच्या कप्प्यात हात घाला.

भरीतपार्टी:
सापडली 🙏